पोस्टडॉकची फी किती असते? मानसशास्त्रात पीएच.डी. झाल्यावर परदेशी जाताना

मागच्या महिन्यात नांदेडहून एका मुलीचा फोन आला. मानसशास्त्रातला पीएच.डी.चा थिसिस नुकताच सबमिट झालेला, व्हायवाची, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेची, वाट बघणं चालू. "मॅडम, दोन मिनिटं बोलू का" झाल्यावर पहिलाच प्रश्न आला, "तिकडे पोस्टडॉकची फी साधारण किती असते?" वडिलांनी बँकेत शैक्षणिक कर्जाची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

फी नसते. पगार असतो किंवा शिष्यवृत्ती असते. पोस्टडॉक हा कोर्स नाही, त्याला वर्ग नाहीत, परीक्षा नाही, शेवटी पदवीचं भेंडोळंही मिळत नाही. पीएच.डी. झालेल्या माणसाने एखाद्या प्रोफेसरच्या संशोधनगटात एक, दोन, तीन वर्षं केलेली ठरावीक मुदतीची नोकरी, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी कोणी तुमच्याकडे पैसे मागत असेल तर तिथेच फोन ठेवावा. "पगार नाही, पण अनुभव मिळेल, खर्च तुमचा तुम्ही करा" अशी पत्रंही येतात. माझं मत विचाराल तर तीही घेऊ नयेत. पीएच.डी. झालेल्या माणसाने फुकट राबायचं काही कारण नाही.

तिचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता. "पोस्टडॉक केल्यावर मला तिकडे क्लिनिक काढता येईल ना?" इथे नुसतं हो-नाही म्हणून भागत नाही, कारण मानसशास्त्रात पोस्टडॉक या एका शब्दाचे दोन वेगळे अर्थ आहेत आणि आपल्याकडची निम्मी फसगत तिथूनच सुरू होते. एक पोस्टडॉक संशोधनाचा. दुसरा रुग्ण बघण्याच्या प्रशिक्षणाचा, जो मुख्यतः अमेरिकेत असतो. पहिल्यातून हाती पेपर, म्हणजे शोधनिबंध, लागतात. दुसऱ्यातून परवाना मिळतो. एकाची वाट दुसऱ्याला जाऊन मिळत नाही.

आधी परवान्याचं बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत.

अमेरिकेत सायकॉलॉजिस्टचा परवाना केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्याचं वेगळं मंडळ देतं. साधारण क्रम असा: क्लिनिकल किंवा समुपदेशन मानसशास्त्रात डॉक्टरेट, त्यात एक वर्षाची पूर्णवेळ इंटर्नशिप, मग डॉक्टरेटनंतर परवानाधारक सायकॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली केलेलं काम आणि ईपीपीपी नावाची परीक्षा. तिच्यात २२५ प्रश्न असतात आणि सव्वाचार तास मिळतात. कॅलिफोर्नियात देखरेखीखालच्या कामाचे एकूण ३,००० तास भरावे लागतात, त्यांतले निदान १,५०० तास डॉक्टरेटनंतरचे हवेत. हे डॉक्टरेटनंतरचे तास जिथे भरतात, त्या जागेलाही तिकडे पोस्टडॉकच म्हणतात. काही राज्यांनी डॉक्टरेटनंतरच्या तासांची ही अट काढून टाकली आहे, म्हणून एका राज्यातल्या मैत्रिणीचा अनुभव दुसऱ्या राज्यात कामाला येईलच असं नाही.

आता आपली पीएच.डी. या साखळीत कुठे बसते? बहुतेकदा बसत नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीएची, अधिमान्यता अमेरिकेतल्या अभ्यासक्रमांना असते, भारतातल्या विद्यापीठांना नाही. आणि चांगल्या क्लिनिकल पोस्टडॉकच्या जाहिरातीत पहिलीच ओळ असते, "एपीए-अधिमान्य डॉक्टरेट आणि इंटर्नशिप आवश्यक." त्यात माजी सैनिकांसाठीची तिथली सरकारी रुग्णालयं ही सायकॉलॉजिस्ट घडवणारी देशातली सगळ्यात मोठी यंत्रणा, आणि तिच्या प्रशिक्षणाच्या जागांना अमेरिकेचं नागरिकत्व लागतं. शिवाय आपल्याकडची पीएच.डी. मुळात संशोधनाची असते. रुग्णांसोबतचं प्रशिक्षण आजवर होत आलं ते आरसीआय-मान्य, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेल्या, एम.फिल.मध्ये. तिकडे ही दोन्ही एकाच डॉक्टरेटमध्ये गुंफलेली. त्यामुळे पुण्याच्या मनोआरोग्य संस्थेत किंवा बंगळूरूच्या निम्हान्समध्ये दोन वर्षं वॉर्डात घासून निघालेली मुलगी अनुभवाने कोणाला हार जाणार नाही, पण तिकडच्या मंडळाच्या फॉर्मवर तिच्या अनुभवासाठी रकानाच नसतो. याचा राग येतो आणि तो रास्तही आहे. फॉर्मला मात्र त्याचं काही देणंघेणं नाही.

वाट अगदीच बंद आहे असंही नाही. कॅलिफोर्नियासारखं राज्य परदेशी डॉक्टरेटचं मान्यताप्राप्त संस्थेकडून मूल्यमापन करून घेऊन अर्ज विचारात घेतं, तास आणि परीक्षा मात्र चुकत नाहीत. संशोधनाची डॉक्टरेट असणाऱ्यांना क्लिनिकलकडे वळवणारे पूरक अभ्यासक्रम काही विद्यापीठांत आहेत. आणि ज्याला फक्त लोकांसोबत बसून काम करायचंय, त्याच्यासाठी समुपदेशनातली तिकडची मास्टर्स करून समुपदेशकाचा परवाना घेणं हा पुष्कळदा सरळ रस्ता ठरतो. पीएच.डी. झाल्यावर पुन्हा मास्टर्स म्हणजे मागे जाणं वाटतं. "लोक काय म्हणतील" हा प्रश्न घरी येतोच. पण तिथे बसून काम करणारी बरीच आपली माणसं याच रस्त्याने गेली आहेत.

इतर देशांचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये नुसतं सायकॉलॉजिस्ट कोणीही म्हणवून घेऊ शकतं, पण क्लिनिकल, समुपदेशन, शैक्षणिक, न्यायवैद्यक अशी सात विशेषणं लागली की २००९ पासून ती नावं कायद्याने राखीव आहेत. ती लावायची तर एचसीपीसी या नियामक संस्थेत नोंदणी हवी, आणि परदेशात शिकलेल्यांसाठी तिचा स्वतंत्र मार्ग आहे. त्यात तुमचा अभ्यासक्रम, तास, केसेस त्यांच्या निकषांशी ओळीगणिक ताडून बघतात. म्हणून एम.फिल.ची लॉगबुकं रद्दीत घालू नका. ऑस्ट्रेलियात सायकॉलॉजिस्ट हा शब्दच राखीव आहे आणि २०१० पासून सगळ्या देशाची नोंदणी एकाच ठिकाणी होते. जर्मनीत मनोचिकित्सकाचा परवाना डॉक्टरांच्या परवान्यासारखाच असतो, २०२० च्या नव्या कायद्याने त्याचं शिक्षण विद्यापीठाच्या पदवीलाच जोडलं गेलं, आणि जर्मन भाषा अशी यावी लागते की समोरच्या आजोबांचा टोमणा टोमणा म्हणून कळला पाहिजे. मी दोन वर्षं तिथे राहिले, बाजारहाट करण्यापुरती भाषा शिकले. त्या भाषेत कोणाचं दुःख ऐकायला बसले असते तर तो अपराध झाला असता.

नांदेडच्या मुलीला मी एवढंच विचारलं, "परत येताना तुझ्या हातात काय हवंय? परवाना की पेपर?" ती थोडं थांबली, मग म्हणाली, "पेपर." मग पुढचं बोलणं सोपं झालं.

संशोधनाच्या पोस्टडॉकला दोन दारं आहेत. पहिलं जाहिरातीचं. एखाद्या प्रोफेसरला सरकारी किंवा खासगी निधी मिळतो, त्यात पोस्टडॉकचा पगार धरलेला असतो, विषय ठरलेला असतो, आणि तो माणूस शोधतो. दुसरं दार शिष्यवृत्तीचं: विषय तुमचा, निधी तुम्ही मिळवायचा, प्रोफेसर फक्त यजमान. पहिल्यात नोकरी लवकर लागते पण काम दुसऱ्याचं असतं. दुसऱ्यात वर्षभर खपावं लागतं आणि बहुतेकदा नकार येतो. तरी माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण स्वतःच्या नावावर मिळवलेला निधी पुढे प्रत्येक ठिकाणी दाखवता येतो.

युरोपात सगळ्यात मोठी म्हणजे मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी शिष्यवृत्ती. राष्ट्रीयत्वाची अट नाही. ज्या देशात जायचंय तिथे शेवटच्या तारखेच्या आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं, ही अट नागपूर-सोलापूरहून अर्ज करणाऱ्याला आपोआपच जमते. पीएच.डी.नंतर ८ वर्षांची मर्यादा आहे, आणि बाळंतपण-संगोपनासाठी घेतलेली विश्रांती तीत धरत नाहीत. हे मुद्दाम सांगते, कारण "मुलगा झाला, आता माझं वय गेलं" म्हणणाऱ्या तीन जणी मला गेल्या वर्षात भेटल्या. अर्ज सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास बंद होतात. मुख्य प्रस्ताव दहा पानांचा असतो. २०२५ च्या फेरीत जगभरातून १७ हजारांवर अर्ज आले होते, तेव्हा स्पर्धा काय आहे ते समजून घ्या. ठरावीक पातळीहून कमी गुण पडले तर पुढच्या वर्षी त्याच संस्थेकडून पुन्हा अर्ज करता येत नाही, म्हणून "टाकून तर बघू" हा आपला आवडता मंत्र इथे महागात पडतो.

जर्मनीची हुंबोल्ट शिष्यवृत्ती वेगळ्या स्वभावाची. अर्ज वर्षभर केव्हाही करता येतो, देशवार किंवा विषयवार कोटा नाही, पण यजमान प्रोफेसरचं सविस्तर पत्र आधी लागतं. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक्टरल शिष्यवृत्ती आहे: ८ ते २४ महिने, पीएच.डी. मागच्या चार वर्षांतली हवी. आणि महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती? हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. ती मास्टर्स आणि पीएच.डी.साठी आहे, पोस्टडॉकसाठी नाही.

या सगळ्यांत एक घड्याळ चालू असतं: पीएच.डी.ची तारीख. आपल्याकडे थिसिस सबमिट होतो, बाहेरच्या परीक्षकांकडे जातो, तिथे महिनोन् महिने पडून राहतो, मग व्हायवा, मग पदवी जाहीर करणारी अधिसूचना, मग केव्हातरी दीक्षान्त समारंभ. यांतली कोणती तारीख धरायची ते प्रत्येक शिष्यवृत्ती आपापलं ठरवते. बहुतेकांना शेवटच्या तारखेपर्यंत पदवी हातात हवी असते किंवा निदान व्हायवा तरी पार पडलेला हवा असतो. व्हायवा ऑक्टोबरात आणि शेवटची तारीख सप्टेंबरात, असं झालं की वर्ष गेलं. माझं असंच गेलं. परीक्षकांचा अहवाल सात महिने आला नाही, आणि विद्यापीठातल्या खिडकीवरचे गृहस्थ दर वेळी म्हणायचे, "मॅडम, फाईल पुढे गेलीय." कुठे गेलीय ते काही सांगायचे नाहीत. तेव्हा व्हायवा होताच अधिसूचनेची साक्षांकित प्रत आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट मागून घ्या, दीक्षान्ताच्या झग्याची वाट बघू नका.

आता प्रश्न असा की इतक्या गर्दीत आपल्याला का घ्यावं?

२०१० मध्ये हेनरिक, हाइन आणि नॉरेन्झायन या तिघांनी एक लेख लिहिला, ज्याने मानसशास्त्राला आरसा दाखवला. त्यांनी पुढे आणलेला आकडा असा: नावाजलेल्या नियतकालिकांतल्या अभ्यासांतली ९६ टक्के माणसं अशा देशांतली होती, जिथे जगातली जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. म्हणजे "माणूस असा वागतो" म्हणून आपण पाठ केलं, त्यातलं बरंचसं अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांनी क्रेडिट मिळवण्यासाठी भरलेल्या प्रश्नावल्यांवर उभं होतं. त्यानंतर निधी देणारे आणि नियतकालिकं विचारायला लागली की तुमचा नमुना कुठला. मराठी बोलणाऱ्या, गावातल्या माणसाशी ओसरीवर बसून बोलू शकणाऱ्या संशोधकाकडे इथे खरोखरच काहीतरी आहे. उलट्या दिशेने शिकल्याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. विक्रम पटेल आणि गोव्यातली संगथ संस्था यांनी डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्यावर उपचार करता येतात का, हे गोव्यातल्या दवाखान्यांत तपासलं. २०१० आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले आणि आज श्रीमंत देशही त्यातून धडे घेताहेत.

पण "माझ्याकडे भारतीय नमुना आहे" एवढ्याने काही होत नाही. त्या नमुन्यातून काय दिसलं, ते सांगता यायला हवं.

या मुलीचा विषय मराठवाड्यातल्या ज्येष्ठांचा एकटेपणा. मुलं पुण्याला, हिंजवडीला किंवा त्याही पलीकडे. तिने एकटेपणा मोजणारी वीस प्रश्नांची यूसीएलए मोजपट्टी मराठीत केली होती. तिच्यात एक प्रश्न असा आहे की अडचणीच्या वेळी जवळ करावं असं कोणी नाही, असं तुम्हाला किती वेळा वाटतं? इंग्रजीत त्यासाठी वळणे हे क्रियापद आहे. पहिल्या मसुद्यात भाषांतरकाराने ते तसंच उचललं: "ज्याच्याकडे वळता येईल असं कोणी नाही." कंधारकडच्या एका आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वळायचं कशाला? समोरच बसलेत की सगळे." मग प्रश्न बदलला: "अडीनडीला हाक मारावी असं कोणी नाही, असं वाटतं का?" आजी म्हणाल्या, "हाक मारली तर आख्खी गल्ली येईल, बाई. पण गल्लीला काय सांगू?"

थिसिसमध्ये हा प्रसंग परिशिष्टात होता, भाषांतराच्या अडचणी या मथळ्याखाली, दोन ओळींत! मी तिला म्हटलं, अगं, हाच तुझा पोस्टडॉक आहे. मूळ प्रश्नात धावून येणारी माणसं आणि मनातलं ऐकणारी माणसं एकच धरली आहेत. आजींच्या गल्लीत ती वेगवेगळी आहेत. हाकेला माणूस आहे म्हणून मोजपट्टीवर गुण कमी पडतात, म्हणजे कागदावर आजी एकट्या नाहीत. मग मोजपट्टी चुकते कुठे, आणि अशी माणसं लिस्बनच्या किंवा क्राकूवच्या एखाद्या गल्लीतही सापडतील का? हा प्रश्न घेऊन युरोपातल्या वार्धक्यावर काम करणाऱ्या गटाकडे गेलं तर ते खुर्ची पुढे ओढून बसतील.

प्रश्न चांगला असला तरी हत्यारं लागतात. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रकाशित प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले. मूळ लेखांत ९७ टक्के निकाल संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेले होते, पुन्हा केल्यावर ३६ टक्केच उतरले. त्या धक्क्याने नोकरी देणाऱ्यांच्या अपेक्षा बदलल्या. विदा, म्हणजे डेटा, गोळा करण्याआधीच गृहीतक आणि विश्लेषणाची योजना जाहीर नोंदवणं, विदा खुली ठेवणं, आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये विश्लेषण करून त्याची आज्ञावली लेखासोबत देणं, हे आता बऱ्याच गटांत गृहीतच असतं. आपल्याकडे अजून एसपीएसएस या विकतच्या सॉफ्टवेअरच्या मेनूत टिचक्या मारून तक्ता वर्डमध्ये चिकटवायची पद्धत. आर शिकायला कोणाची परवानगी लागत नाही, पैसेही लागत नाहीत, तीनचार महिने रोज तासभर बसावं लागतं. आणखी एक, २०१७ मध्ये सुरू झालेलं सायकॉलॉजिकल सायन्स ॲक्सिलरेटर हे प्रयोगशाळांचं जागतिक जाळं एकच प्रयोग अनेक देशांत करतं. तिथे लहान गावातल्या कॉलेजची प्रयोगशाळाही सामील होऊ शकते, आणि अशा कामातून ओळखी होतात. शिफारसपत्र लिहिणारा एक तरी माणूस तुमच्या गाईडच्या विद्यापीठाबाहेरचा असेल तर फार फरक पडतो.

मग येते ती पहिली ईमेल. मी माझ्या वेळी साठ जणांना एकच मजकूर पाठवला होता. मराठीत सांगायचं तर तो असा: "आदरणीय सर, आपल्या नामांकित विद्यापीठात पोस्टडॉक करण्याची माझी तीव्र इच्छा आहे. मी मेहनती व प्रामाणिक आहे. कृपया संधी द्यावी. सोबत बायोडेटा." बायोडेटात वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, आणि जिल्हास्तरीय वक्तृत्व स्पर्धेतलं दुसरं बक्षीस. चार उत्तरं आली, चारही नकार. त्यातल्या एका बाईंनी मात्र एक ओळ जास्त लिहिली होती की माझं कोणतं काम वाचून तुम्ही लिहिताय ते कळलं नाही. ती ओळ मला पुढची तीन वर्षं पुरली.

नांदेडच्या मुलीने तिसऱ्या खेपेला जे पत्र तयार केलं, त्याचा आशय असा. पहिलं वाक्य: तुमच्या गटाच्या अमुक लेखात एकट्या राहणाऱ्या आणि कुटुंबात राहणाऱ्या ज्येष्ठांची तुलना आहे, त्यातल्या दुसऱ्या गटाबद्दल मला एक शंका आहे. मग आजींचा प्रसंग, तीन वाक्यांत. मग "मी अमुक शिष्यवृत्तीला सप्टेंबरात अर्ज करू इच्छिते, यजमान होण्याचा विचार कराल का? अर्धा तास व्हिडिओवर बोलता येईल का?" सोबत दोन पानी सीव्ही आणि विदेचा दुवा. बस. "सर" नाही, "आदरणीय" नाही. तिकडे प्रोफेसर किंवा डॉक्टर अमुक एवढं पुरतं. पहिल्या बैठकीनंतर ते स्वतःच म्हणतात मला नावाने हाक मार, आणि आपल्याला ते महिनाभर जमत नाही. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करावी. दुसऱ्यांदा करू नये. आणि हे सगळं फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हायला हवं, कारण ऑगस्टमध्ये युरोप सुट्टीवर असतो.

पैशाबद्दल आपल्याकडे मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून मीच बोलते. नोकरीचा करार आणि शिष्यवृत्ती यांत आकडा सारखा दिसला तरी वस्तू वेगळी असते. जर्मनीत विद्यापीठाच्या करारावर पगार सरकारी वेतनश्रेणीने ठरतो. एकट्या माणसाच्या हाती येताना त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापलेला असतो, पण त्या कपातीत आरोग्यविमा, निवृत्तिवेतन, बेकारी भत्ता हे सगळं असतं. हुंबोल्टसारख्या शिष्यवृत्तीवर प्राप्तिकर नाही, पण निवृत्तिवेतनही साठत नाही. मारी क्युरीत साधारणपणे नोकरीचा करार होतो. अमेरिकेत पुष्कळ विद्यापीठं राष्ट्रीय आरोग्य संस्थेची वेतनपातळी आधाराला धरतात, जी २०२४ मध्ये पहिल्या वर्षाच्या पोस्टडॉकला वार्षिक ६१,००८ डॉलर होती. रुपयांत गुणाकार करून हुरळून जाऊ नका, बॉस्टनमधलं भाडं आधी बघा.

अमेरिकेचा व्हिसा हा वेगळाच अध्याय आहे. विद्यापीठं पोस्टडॉकला बहुधा जे-१ देतात, संशोधकांच्या वर्गात कमाल पाच वर्षांचा. त्याच्या दोन अटी माहीत असायलाच हव्यात. एक, काहींना मुदत संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच-१बी किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. पूर्वी भारतीयांना विषयांच्या एका यादीमुळे ही अट लागायची. डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारत वगळला गेला, पण खर्च सरकारी पैशातून झाला असेल, जसा फुलब्राइटचा, तर अट आजही लागते. दोन, संशोधक वर्गातला कार्यक्रम एकदा संपला की २४ महिने त्याच वर्गात परत येता येत नाही, भले तुम्ही पाचांतलं एकच वर्ष वापरलेलं असो. माझ्या ओळखीचा एक जण आठ महिन्यांच्या छोट्या कामासाठी या वर्गात गेला, परतला, आणि चार महिन्यांनी त्याला तीन वर्षांची खरी चांगली जागा चालून आली. ती सोडावी लागली. सहा महिन्यांपर्यंतच्या भेटीसाठी अल्पकालीन संशोधकांचा वेगळा वर्ग असतो, त्यात ही २४ महिन्यांची अडचण येत नाही. म्हणून पत्रावर कोणता वर्ग लिहिलाय ते सही करण्याआधी वाचावं. एच-१बीचं तर सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झाल्यापासून विद्यापीठंही नाव काढताना दचकतात.

तिकडच्या जगण्याचं फार सांगत नाही. जर्मनीत भाड्याच्या घरात पुष्कळदा स्वयंपाकघराच्या जागी नुसती भिंत आणि दोन नळाची तोंडं असतात, ओटा-कपाटं आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन गेलेला असतो, हे मला चावी हातात पडल्यावर कळलं. पहिले दोन महिने मी इलेक्ट्रिक किटलीत मुगाची खिचडी केली. आणि एकटेपणावर शोधनिबंध लिहिणारी मी, नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडला की खिडकीशी बसून आईला फोन लावायची आणि "इथे अगदी मजेत आहे" असं सांगायची. विद्यापीठात समुपदेशक होते. मी सहा महिने गेले नाही, कारण मानसशास्त्राच्या माणसाने जायचं म्हणजे कसंसंच! जायला हवं होतं.

परतीचंही आधी बोलून घ्यावं. महाराष्ट्रात अनुदानित कॉलेजांत कायम जागा निघायला वर्षं लागतात, आणि परदेशात दोन-तीन वर्षं काढून आलेली माणसं तासिका तत्त्वावर शिकवताना मी पाहिली आहेत. नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, झाली नसेल तर आपली पीएच.डी. नियमांनुसार तिच्याऐवजी चालेल का, हा आणखी एक प्रश्न, तो जाण्यापूर्वीच विद्यापीठाकडून लेखी सोडवून घ्यावा. खासगी विद्यापीठं आणि सामाजिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्था मात्र परदेशातला निधी आणि बहुदेशीय विदेचा अनुभव बघतात. ज्यांनी तिकडे असतानाही इथल्या एखाद्या गटाशी काम चालू ठेवलं, त्यांचं परतणं सोपं गेलं.

परवा तिचा पुन्हा फोन आला. व्हायवाची तारीख लागली होती, आणि एका प्रोफेसरांचं उत्तरही आलं होतं: बोलू या, पण तुमच्या मुलाखतींत जो शब्द सारखा येतो, "करमत नाही", त्याला इंग्रजीत काय म्हणाल? आम्ही दोघी अर्धा तास त्यावर झटलो. कंटाळा म्हणावं तर तो नाही, दुःख नाही, एकटेपणही पुरतं नाही. घर भरलेलं असतानाही करमत नाही, आणि कधी रिकाम्या शेतात एकटं बसूनही करमतं. शेवटी तिने शब्द तसाच ठेवला आणि खाली आजींचीच दोन वाक्यं उत्तर म्हणून लिहून पाठवली.